सल्फाइटच्या माथी खापर

दक्षिण लंडनमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी वाइन आणि चीजचं एक छोटं दुकान आहे. शनिवारी दुपारी तीन ते सहा मी तिथे काउंटरमागे उभा असतो. नोकरी म्हणून नव्हे. मालकीण आमची शेजारीण, शनिवारी ती दोन बाटल्या चाखायला उघडते, गर्दी होते, आणि मला चीज कापायला आवडतं. तारेने कोंते चीजची पाचर कापताना हाताला जो मऊ विरोध जाणवतो, त्यासाठी मी फुकटातही राबतो.

आणि दर शनिवारी मला एक वाक्य ऐकावं लागतं. बोलणारा इंग्रज असो, पोलिश असो की आपला पुणेकर, वाक्य तेच: ‘मला वाइन सोसत नाही, त्यातल्या सल्फाइटनं डोकं धरतं.’

मागच्या महिन्यात चाळिशीतले एक मराठी गृहस्थ वडिलांना घेऊन आले होते. वडील मुलाकडे उन्हाळ्यापुरते आलेले, दुकानभर कौतुकाने बघत होते. मुलाने बाटली उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मागच्या लेबलावर बोट ठेवलं. ‘बाबा, हे बघा. सल्फाइट! इथे लिहूनच देतात. एक ग्लास घेतला की दुसऱ्या दिवशी डोकं उठतं माझं.’ हे सांगता सांगता त्यांचा दुसरा हात चीजच्या फळीकडे गेला आणि तिथला नारिंगी, चकचकीत जर्दाळू उचलून तोंडात गेला. तिसरा होता तो. ज्या पाकिटातून मी ते जर्दाळू काढले होते ते मागच्या फडताळात पडलं होतं, आणि त्याच्या पाठीवर ठळक अक्षरांत तोच शब्द छापलेला होता.

तेव्हा मी गप्प बसलो, कारण वडिलांसमोर मुलाला उघडं पाडणं बरं दिसत नाही. इथे मात्र बोलतो.

सुका जर्दाळू नारिंगी दिसतो तो गंधकाच्या धुरामुळे. हा धूर म्हणजे सल्फर डायऑक्साइड, लेबलावरचं सल्फाइट त्याचंच; तो लावला नाही तर जर्दाळू वाळताना तपकिरी, चिवट, खजुराच्या वळणाचा होतो. तसेही मिळतात, चवीला मला तेच आवडतात, पण फळीवर शोभत नाहीत. युरोपच्या नियमांप्रमाणे सुक्या जर्दाळूत किलोमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत सल्फर डायऑक्साइड चालतो. कोरड्या रेड वाइनला मर्यादा आहे लिटरमागे १५० मिलिग्रॅम, कोरड्या व्हाइटला २००. आता हिशोब करा. पबमधला १७५ मिलिलिटरचा रेड वाइनचा ग्लास मर्यादेला टेकलेला धरला तरी त्यात २६ मिलिग्रॅम. दोन जर्दाळू, मिळून साधारण १६ ग्रॅम, मर्यादेला टेकलेले धरले तर ३२ मिलिग्रॅम. गृहस्थांनी तीन खाल्ले होते. जर्दाळू खाऊन डोकं दुखल्याची तक्रार घेऊन आजवर एकही गिऱ्हाईक आलेलं नाही.

माझं आजोळ तासगावकडचं, त्यामुळे हा वास मला लहानपणापासून ओळखीचा. मामाच्या शेडमध्ये जाळ्यांचे मजले असायचे. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुचकळून जाळ्यांवर पसरायची, वारा खेळता ठेवायचा. पिवळा बेदाणा हवा असेल तर गंधकाची धुरी द्यायची. त्या दिवशी आम्हा पोरांना शेडच्या आसपास फिरकू देत नसत; नाकात काडी ओढल्यासारखं झोंबायचं. तोच बेदाणा सत्यनारायणाच्या शिऱ्यात पडतो, आणि प्रसादाने डोकं दुखलं असं म्हणायची कुणाची छाती होत नाही.

मुळात वाइनमध्ये हे घालतात कशाला? हवा लागून ती सफरचंदाच्या फोडीसारखी काळवंडू नये आणि नको ते जिवाणू माजू नयेत म्हणून. रेड वाइन सालीसकट आंबवतात, सालीबियांतलं टॅनिन तिला पुष्कळसं सांभाळून घेतं. व्हाइटला तो आधार नसतो, म्हणून तिला सल्फाइट सहसा जास्त लागतं. गोड वाइनला त्याहून जास्त; काही अतिगोड वाइनना तर ४०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे दोष सल्फाइटचा असता तर व्हाइट आणि गोड वाइन पिणाऱ्यांनी आधी डोकं धरायला हवं होतं. प्रत्यक्षात तक्रार येते ती बहुतेक रेडबद्दल. ‘मला फक्त रेडनंच त्रास होतो, सल्फाइट ना!’ असं एकाच श्वासात सांगणाऱ्यांना मी हल्ली फक्त पाण्याचा पेला देतो.

यातूनच एक उपकथानक निघतं: इटलीला सुट्टीवर आठ दिवस रोज प्यायलो, काही झालं नाही, तिकडे सल्फाइट घालतच नाहीत. घालतात हो. मर्यादा सगळ्या युरोपीय संघात एकच आहेत, आणि लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर असलं की लेबलावर लिहिण्याची सक्ती २००५ पासून आहे. भारतातही नोंदीसाठी हाच दहाचा आकडा धरतात. इटलीत आपण दुपारी टेबलाशी दोन तास बसून, पोटभर जेवत, पाण्याची बाटली शेजारी ठेवून पितो आणि नंतर झोपतो. इथे शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रिकाम्या पोटी उभ्या उभ्या दोन ग्लास रिचवतो आणि जेवायला साडेनऊला बसतो. फरक बाटलीतला नाही.

‘मग सल्फाइट नसलेली द्या’ हा पुढचा प्रश्न. ‘सल्फाइट घातलेलं नाही’ असं लिहिलेली बाटली आमच्याकडे आहे, आणि ते विधान खरं आहे. पण घातलं नाही म्हणजे मुळात नाही असं नव्हे; आंबवताना यीस्ट स्वतःच थोडं सल्फाइट तयार करतं. सेंद्रिय म्हणजे सल्फाइटमुक्त, हाही भ्रम. युरोपीय संघाच्या नियमांत सेंद्रिय रेडला १०० आणि व्हाइटला १५० मिलिग्रॅमची परवानगी आहे. कमी आहे, शून्य नाही.

सल्फाइट अगदी निरुपद्रवी आहे असं मात्र मी म्हणत नाही. काही दमेकऱ्यांना त्याचा खरोखर त्रास होतो: छाती घरघरते, श्वास अडतो, क्वचित अंगावर गांध्या उठतात. अमेरिकेत सॅलड ताजं दिसावं म्हणून त्यावर सल्फाइट फवारायचे; माणसं दगावल्याच्या तक्रारी आल्यावर १९८६ मध्ये कच्च्या भाज्याफळांवर त्याचा वापर बंद झाला. लेबलावरची ती ओळ अशा माणसांसाठी आहे. त्यांनी ती वाचावी आणि जर्दाळूच्या पाकिटावरचीही वाचावी. ती लागू पडते श्वासाच्या त्रासाला. सकाळच्या ठणक्याशी तिचा संबंध लावायला आधार फार तोकडा आहे.

मग डोकं दुखतं कशानं? लोकांना हे ऐकायला आवडत नाही, पण पहिला संशयित अल्कोहोल. साडेतेरा टक्क्यांच्या बाटलीत ब्रिटिश मापाने दहा युनिट असतात, आणि इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे आठवड्याला चौदाच्या वर जाऊ नका. घरचे ग्लास पबच्या मापाचे नसतात, परडीएवढे असतात. ‘दोनच घेतले’ म्हणणाऱ्याने बऱ्याचदा अर्धीअधिक बाटली संपवलेली असते. फक्त रेडनेच का दुखतं, याचं पक्कं उत्तर शास्त्रज्ञांकडेही अजून नाही. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये एक तर्क मांडला. द्राक्षाच्या सालीत क्वेर्सेटिन असतं. शरीरात त्याचं जे रूप बनतं ते अल्कोहोलच्या विल्हेवाटीतलं एक एन्झाइम अडवतं, मग अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं आणि डोकं दुखतं. ऐकायला नेटकं आहे. पण त्यांनी हे एन्झाइमवर प्रयोगशाळेत तपासलं होतं, माणसांवर नव्हे, आणि तसं त्यांनी स्वतःच नोंदवलंय. तेव्हा पुढच्या शनिवारी कुणी ‘मला क्वेर्सेटिनचा त्रास आहे’ म्हणत आलं तर माझी तयारी आहे.

खाण्यापिण्याने डोकं दुखल्याचा पक्का दाखला हवाच असेल तर बाटलीपेक्षा चीजच्या फळीवर बघा. १९६० च्या सुमारास इथे नैराश्यावर एमएओ इन्हिबिटर गटाची नवी औषधं दिली जाऊ लागली होती, आणि काही रुग्णांना अचानक भयंकर डोकेदुखी होऊन रक्तदाब भडकत होता. नॉटिंगहॅमच्या एका फार्मासिस्टने लिहून कळवलं की आपल्या बायकोला हा झटका चीज खाल्ल्यावर येतो. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातल्या बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरला आधी ते हास्यास्पद वाटलं, पण त्याने पाठपुरावा केला आणि १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मधून चीजवर बोट ठेवलं. मुरलेल्या चीजमध्ये टायरामीन असतं. एरवी शरीर ते मोडून टाकतं. ही औषधं नेमकं ते मोडणारं एन्झाइमच बंद पाडतात. आजही ही औषधं घेणाऱ्यांना मुरलेलं चीज वर्ज्य असतं. एका नवऱ्याने बायकोच्या त्रासाकडे नीट लक्ष दिल्यामुळे लागलेला हा शोध, म्हणून माझा विशेष लाडका.

बाकीचे गैरसमज उभ्या उभ्या. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ हे खरं, पण ती खोली शेकोटीवाली जुनी युरोपीय खोली, सोळा-अठरा अंशांची. नागपूरच्या मे महिन्यातली नव्हे, तिथे बाटली खुशाल फ्रिजमध्ये ठेवा. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, असं नाही. न्यूझीलंडचे नावाजलेले लोकही आपली चांगली वाइन त्याच झाकणात भरतात. जितकी जुनी तितकी चांगली हे मोजक्या वाइनबद्दल खरं. आपण विकत घेतो त्यातल्या बहुतेक वर्ष-दोन वर्षांत संपवायच्या असतात. रेड लेस्टर चीजचा केशरी रंग दुधाचा नव्हे, शेंदरीच्या बियांचा. ब्रीवरची पांढरी साय ही मुद्दाम लावलेली बुरशी आहे, सालीसकट खा. दूध पचत नाही त्यांनी मुरलेल्या कडक चीजला घाबरायचं कारण नाही, कारण लॅक्टोज बरंचसं निवळीबरोबर वाहून जातं आणि उरलेलं जिवाणू संपवतात. आणि रेड वाइन हृदयाला चांगली म्हणून औषधासारखी रोज घेणाऱ्यांसाठी: अल्कोहोलची निर्धोक अशी कुठलीच मात्रा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलंय. आवडते म्हणून घ्या, डॉक्टरचं नाव पुढे करू नका.

एका गैरसमजाला मात्र ओळीभरात निभावता येत नाही, कारण तो आपल्या लोकांचा खास आहे: दुधाचंच तर आहे, म्हणजे शाकाहारीच. भारतात हिरव्या ठिपक्याची सवय झालेली असते. अमूलचं चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटने बनतं, त्यामुळे प्रश्न पडत नाही. इकडे दूध फाडायला अनेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. पार्मिजानो रेज्जानोच्या तर नियमातच वासराचं रेनेट आहे, कोंतेही तसंच. उलट बरंचसं ब्रिटिश चेडर शाकाहाऱ्यांना चालतं आणि पाकिटावर तसं लिहिलेलं असतं.

हे मी एकदा आमच्या मंडळातल्या एका वहिनींना सांगितलं. कडक शाकाहारी, एकादशी न चुकवणाऱ्या. गेली अकरा वर्षं दर शुक्रवारी मुलांच्या पास्त्यावर पार्मिजानो किसून घालत आलेल्या, आणि उरलेला चुरा स्वतः चिमटीने खाणाऱ्या. त्या बराच वेळ काचेआडच्या पाचरीकडे बघत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘भावजी, पनीर तरी?’

‘ते लिंबाचं, वहिनी. ते चालतं.’