पाळी येईपर्यंत

दोडामार्गाकडून आलेली बस डिचोलीच्या स्टँडवर रिकामी होते. मे महिन्यातला रविवार. साडेनऊलाच डांबर तापलंय. बाजारामागच्या गल्लीत पत्र्याच्या छपराचा एक भाड्याचा हॉल. बाहेर चपलाच चपला. घंटा नाही, मूर्ती नाही. दारावर कागद चिकटवलाय : उपासना, सकाळी 10.

दारातला तरुण हात पुढे करतो. "प्रेझ द लॉर्ड, काका. पंख्याखाली बसा."

आत प्लास्टिकच्या खुर्च्या. मांडीवर चेन लावलेली बायबलं. बरीच मराठी, काही कन्नड, एखादं रोमी लिपीतलं कोकणी. बायकांच्या डोक्यावर पदर, ओढण्या. खिडक्या बंद, शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून. पंखे गरम हवाच फिरवतात. 2011 च्या जनगणनेत गोव्यात चौघांमागे एक ख्रिस्ती, त्यातले बहुतेक कॅथलिक. पण डिचोली, पेडणे हे नव्या काबिजादीतले तालुके, पोर्तुगीजांकडे आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. इथल्या रस्त्यांवर चर्चपेक्षा देवळं जास्त भेटतात. असा हॉल मुद्दाम शोधावा लागतो.

कीबोर्ड, ढोलकी, टाळ्या. शेवटची ओळ परत, पुन्हा परत. मग गाणं विरतं आणि सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागतात. ज्याची त्याची वेगळी. कुणाचं कर्ज, कुणाचा पिणारा नवरा. 2012 साली गोव्यातल्या खाणी थांबल्यावर विकलेला ट्रक अजून एकाच्या प्रार्थनेत येतो. पुढच्या रांगेतून अन्य भाषेतले, ऐकणाऱ्याला न कळणारे शब्द वेगाने ओघळतात.

पास्टर हात वर करतात. आवाज खाली येतो. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला नियम इथे बहुतेकांना ठाऊक आहे : मंडळीपुढे अन्य भाषेत बोलायचं तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही एकामागून एक. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसायचं.

संदेश प्रेषितांच्या कृत्यांवर आहे. पुनरुत्थानानंतर चाळीस दिवसांनी प्रभू स्वर्गात गेला. पवित्र आत्मा उतरला पन्नासाव्या दिवशी.

"मधले दहा दिवस शिष्यांनी काय केलं?"

"वाट पाहिली!" मागून एक आजी ओरडतात.

"आमेन!"

आत्मा उतरण्याच्या त्याच ओघात पास्टर केडगावच्या गोष्टीवर येतात. 1905 साली तिथल्या विधवा आणि अनाथ मुलींच्या आश्रमात मुली रडत, ओरडत प्रार्थना करू लागल्या. लॉस एंजेलिसची गाजलेली जागृती त्यानंतरची, 1906 ची. "आपल्या मराठी मुली आधी!" टाळ्या पडतात. मागच्या चटईवरचं एक मूल दचकून उठतं.

सव्वाबारा. आता रांग लागते. याकोबाच्या पत्राप्रमाणे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना. ऑलिव्ह तेलाची छोटी बाटली, ओलं बोट, कपाळ, डोक्यावर हात. कुणाला दोन मिनिटं, कुणाला दहा. रांग सरकत नाही. कुणी पुठ्ठ्याने वारा घेतं, कुणी पाण्याची बाटली पुढे सरकवतं. एक बाई हुंदके देत खाली बसते. दोघी तिला धरतात आणि रांग तिच्यासाठी थांबते.

मघाच्या आजींची पाळी शेवटून तिसरी. गुडघा. प्रार्थना होते. त्या आल्या तशाच लंगडत चपलांपाशी येतात.

"बरं वाटतंय?"

"दुखतोय तसाच. पुढच्या रविवारी परत रांगेत." चपलेचा पट्टा ओढत त्या म्हणतात, "आणि मंगळवारी म्हापशाला डॉक्टरची तारीख आहे. तिथे तर याहून मोठी रांग."