एका ओढ्याकाठचे तीन जॉन

अठराव्या शतकात व्हर्जिनियाच्या ऑगस्टा काउंटीत जमिनीचा व्यवहार झाला, की कोर्टाचा कारकून खरेदीखत मोठ्या वहीत उतरवून घ्यायचा. विकणाऱ्याला लिहिता येत नसेल तर तो मूळ कागदावर खूण करायचा. कुणी फुली मारायचा, कुणी नावाचं पहिलं अक्षर वेडंवाकडं काढायचा, कुणी गुराच्या कानावर कोरतात तशी खाच काढायचा. माणूस एकदा धरलेली खूण सहसा सोडत नसे. एकाच नावाचे दोन कागद समोर आले आणि एकावर फुली, दुसऱ्यावर सफाईदार सही दिसली, की शोध घेणारा थबकतो. इथे एक माणूस नाही, दोन आहेत.

स्कॉच-आयरिश घराण्यांची वंशावळ उकलणाऱ्याला असं वारंवार थबकावं लागतं. अमेरिकेतली लाखो कुटुंबं आपलं मूळ या लोकांपर्यंत नेतात, आणि त्यातल्या कित्येक वंशावळींत दोन-तीन माणसांची मिळून एक मूर्ती घडवलेली असते. अशा मूळ पुरुषाच्या तीन बायका असतात, जन्मगावं दोन असतात, आणि मेल्यानंतर चार वर्षांनी त्यानं शेत विकलेलं असतं.

हे लोक मूळचे दक्षिण स्कॉटलंडच्या सखल मुलखातले, काही उत्तर इंग्लंडचेही. 1609 नंतर राजा पहिल्या जेम्सच्या काळात आयर्लंडच्या उत्तरेला, अल्स्टरमध्ये, वसाहतीची सरकारी योजना सुरू झाली आणि त्या शतकात ते तिकडे गेले. धर्मानं बहुतेक प्रेस्बिटेरियन. तीन-चार पिढ्यांनंतर जमिनीचा खंड भरमसाट वाढला, पिकं बुडाली. राज्य अँग्लिकन चर्चचं असल्यामुळे त्यांना सरकारी पदं मिळेनात, त्यांच्या पाद्र्यांनी लावलेल्या लग्नांना कायदा धड मानेना. 1718 च्या उन्हाळ्यात अल्स्टरहून जहाजं बोस्टनला लागली आणि तिथून ओघ सुरू झाला. 1775 पर्यंत किती माणसं गेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण दोन लाखांच्या आसपासचा आकडा साधारणपणे सांगितला जातो. पुढे बहुतेक जण फिलाडेल्फिया किंवा डेलावेअरमधल्या न्यूकासल बंदरात उतरू लागले. अमेरिकेतून जवसाचं बी भरून अल्स्टरला गेलेली जहाजं परतीच्या खेपेला माणसं आणायची. पेनसिल्वेनियातली जमीन महागली तसे हे लोक दक्षिणेला वळले, शेनंडोआ खोऱ्यातून कॅरोलायनापर्यंत.

गुंत्याचा पहिला धागा इथेच आहे. या माणसांच्या जहाजांच्या याद्या जवळजवळ नाहीतच. पेनसिल्वेनियात 1727 पासून उतरणाऱ्या जर्मनांची नावं लिहून घेत, त्यांच्याकडून राजनिष्ठेची शपथ घेत, कारण ते परके. अल्स्टरचा माणूस ब्रिटिश राजाचीच प्रजा होता. घरच्याच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलेल्याची नोंद कोण ठेवणार? अमेरिकेच्या केंद्र सरकारनं प्रवाशांच्या याद्या मागायला सुरुवात केली ती 1820 मध्ये. म्हणून एखाद्या घराण्याच्या पुस्तकात 1740 च्या आसपासचं जहाजाचं नाव, तारीख आणि 'तीन भाऊ एकत्र आले' असं सगळं नीट मांडलेलं दिसलं, तर आधी विचारावं की हे लिहिणाऱ्याला कुठून कळलं. तीन भावांची गोष्ट फार घराण्यांत आहे. एकाच आडनावाची तीन कुटुंबं एकमेकांशी जोडायला ती सोयीची पडते.

कागद न मिळण्याचं दुसरं कारण म्हणून 1922 ची आग सांगितली जाते. आयरिश यादवी युद्धात 30 जून 1922 ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सार्वजनिक अभिलेखागार उद्ध्वस्त झालं. मृत्युपत्रं गेली, जनगणनेचे जुने कागद गेले, अँग्लिकन चर्चच्या अर्ध्याहून अधिक जन्म-लग्नाच्या वह्या गेल्या. नुकसान भयंकर होतं. पण 'आमचं सगळं तिथे जळालं' हे स्कॉच-आयरिश घराण्यांत ऐकू येणारं वाक्य पुरतं खरं नाही. प्रेस्बिटेरियन वह्या त्या-त्या चर्चमध्येच राहायच्या. त्या जळाल्या नाहीत. 1750 च्या आधीच्या त्या फारशा मिळत नाहीत याचं कारण बहुतेक ठिकाणी एवढंच, की तेव्हा त्या लिहिल्याच गेल्या नव्हत्या, किंवा लिहिलेल्या जपल्या गेल्या नाहीत.

आता नावं. या समाजात पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, तिसऱ्याला बापाचं अशी रीत होती. मुलींत पहिलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची पद्धत आपल्याकडेही आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे समजायला अवघड नाही. पण हिशेब करून पाहा. जॉन नावाच्या आजोबांना चार मुलगे. प्रत्येकानं थोरल्याचं नाव जॉन ठेवलं. पंधरा वर्षांत एका ओढ्याकाठी एकाच आडनावाचे चार चुलतभाऊ जॉन, वर आजोबा जिवंत आणि एक काकाही जॉन. त्यात मूल दगावलं तर तेच नाव पुढच्याला देत, म्हणजे एका घरात दोन रॉबर्ट, एक मातीत, एक पाळण्यात. ही रीत कुठे शोधावं याचा सुगावा देते. पुरावा म्हणून ती पुरत नाही, कारण ती न पाळणारी घरंही पुष्कळ होती.

गावकऱ्यांना आणि कारकुनाला हा घोळ रोजचाच होता. म्हणून करयाद्यांत 'जॉन, विणकर', 'विल्यमचा जॉन', 'काळ्या केसांचा जॉन' असे खुलासे सापडतात. सीनियर आणि ज्युनियर हे शब्दही तसेच. आज ते बाप-लेक असे वाचले जातात. तेव्हा त्यांचा अर्थ एवढाच होता, की या वस्तीत या नावाचे दोघे आहेत, हा मोठा, तो धाकटा. ते काका-पुतणे असू शकत, चुलतभाऊ असू शकत, एकमेकांचे कुणीच नसलेलेही असू शकत. मोठा वारला की काल ज्युनियर असलेला आज सीनियर व्हायचा आणि त्याच्या मागे नवा ज्युनियर उभा राहायचा. 1765 चा जॉन ज्युनियर आणि 1775 चा जॉन सीनियर हे एकच असू शकतात. शोधणाऱ्यानं त्यांना बाप-लेक केलं की एक पिढी विनाकारण वाढते.

नात्यांच्या शब्दांनीही फसवलं आहे. 'कझिन' या एका शब्दात चुलत, मावस, आते, मामे सगळे बुडतात, आणि त्या काळी पुतण्यालाही कझिन म्हणत. 'सन-इन-लॉ' म्हणजे जावई, पण जुन्या कागदांत तोच शब्द सावत्र मुलासाठीही येतो. मृत्युपत्रात 'माझी आताची बायको' असं दिसलं की वाचणारा आधीची एक बायको गृहीत धरतो. खरं तर ती वकिली सावधगिरी होती. हे दान आज जी बायको आहे तिला, पुढे दुसरी केली तर तिला नाही, एवढंच त्यात म्हटलेलं असतं. या एका शब्दावरून किती न झालेल्या बायका वंशावळींत शिरल्या असतील!

माणूस जागचा हलला नाही तरी त्याची काउंटी बदलायची. नैर्ऋत्य व्हर्जिनियात होल्स्टन नदीकाठी 1769 मध्ये घर बांधून बसलेला शेतकरी ऑगस्टा काउंटीत होता. 1770 मध्ये तो बोटटॉर्टमध्ये आला, 1772 मध्ये फिनकॅसलमध्ये, आणि 1776 च्या अखेरीस फिनकॅसलच मोडीत निघाल्यावर वॉशिंग्टन काउंटीत. चार काउंट्यांच्या दफ्तरांत त्याचे कागद विखुरले. हे ध्यानात न घेणारा माणूस त्याला सात वर्षांत तीनदा बिऱ्हाड हलवायला लावतो, नाहीतर त्याची चार वेगळी माणसं करतो.

काउंटीच काय, राज्यही असं बदलायचं. डेव्ही क्रॉकेट अमेरिकेत लोककथेचा नायक झाला. त्याचा जन्म 1786 चा, आजच्या टेनेसीत. पण टेनेसी राज्य 1796 मध्ये झालं. तो जन्मला तेव्हा तो मुलूख कायद्यानं नॉर्थ कॅरोलायनाचा होता आणि तिथल्या लोकांनी फ्रँकलिन नावाचं स्वतःचं राज्य जाहीर केलेलं होतं. 1834 च्या आत्मचरित्रात तो बापाबद्दल सांगतो, की त्याचा जन्म आयर्लंडमध्ये झाला किंवा तिथून येताना समुद्रात. सख्ख्या मुलाला बापाचं जन्मस्थान ठाऊक नव्हतं! तिथे दोनशे वर्षांनंतरच्या वंशावळी मात्र क्रॉकेट घराणं फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या पदरी असलेल्या सरदारापर्यंत बिनदिक्कत नेऊन भिडवतात. ही साखळी जोडणारा त्या काळातला कागद कोणी पुढे ठेवलेला नाही. गोष्ट देखणी आहे म्हणून ती उतरवली जाते.

मग सोडवायचं कसं? मला या सगळ्या प्रकारात जमिनीचा मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो. नावं सारखी असली तरी जमीन एकाच जागी असते. जुन्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते: पांढऱ्या ओकपासून अमक्याच्या कोपऱ्यापर्यंत, तिथून ओढ्याच्या कडेनं वर. शेजाऱ्यांची नावं त्यातच येतात. एखाद्या जॉननं तीनशे एकर विकले, तर ते त्याच्याकडे आले कुठून हे मागे जात पाहायचं. खरेदीचा कागद नाही, मृत्युपत्रात उल्लेख नाही, तरी तो हक्कानं विकतो आहे, म्हणजे ती जमीन बहुधा वारशानं आली. आणि त्या काळच्या व्हर्जिनियात मृत्युपत्र न करता बाप वारला तर जमीन थोरल्या मुलाकडे जायची. कागदाचा अभावच इथे साक्ष देतो. म्हणूनच मृत्युपत्रात थोरल्याचं नाव नसेल किंवा त्याला नाममात्र एक शिलिंग दिलेला असेल तर तो बेदखल होता असं लगेच म्हणू नये. त्याचा वाटा बापाच्या हयातीतच दिलेला असू शकतो.

जमिनीबरोबर माणसं येतात. साक्षीदार कोण, मोजणीच्या वेळी साखळी कुणी धरली, जामीन कोण राहिला, पोरक्या मुलांचा पालक कोण. 'पोरकं' म्हणजे तिथे बाप नसलेलं मूल, आई जिवंत असली तरी. चौदा वर्षांचं झालं की त्याला पालक स्वतः निवडता यायचा, म्हणून कोर्टातल्या त्या एका ओळीवरून मुलाचं वय बांधता येतं. वंशावळीच्या अभ्यासक एलिझाबेथ शोन मिल्स यांनी या पद्धतीला नाव दिलं आणि ती रुजवली: माणूस शोधायचा तर त्याचे सोयरे, सोबती आणि शेजारी शोधा. अल्स्टरचे लोक एकेकटे फारसे आलेच नाहीत. एका पंचक्रोशीतली, एका चर्चमधली कुटुंबं मागेपुढे आली, पेनसिल्वेनियात शेजारी राहिली, व्हर्जिनियात पुन्हा शेजारी. एका जॉनच्या भोवतीची सहा आडनावं आणि दुसऱ्या जॉनच्या भोवतीची सहा आडनावं लिहून काढली, की दोन घोळके वेगळे दिसू लागतात.

उलटाही प्रकार होतो, एका माणसाची अनेक माणसं होतात. बेंजामिन बोर्डन याला 1739 मध्ये ऑगस्टा भागात 92,100 एकरांचा पट्टा मिळाला. वस्ती वाढावी म्हणून त्यानं ओंडक्यांचं घर बांधणाऱ्याला घरामागे शंभर एकर देऊ केले. तिथल्या स्थानिक इतिहासात एक गोष्ट नोंदलेली आहे. घरांची मोजणी करणारा माणूस मलहॉलिन या आडनावाची इतकी घरं पाहून चक्रावला. मग कळलं, की बांधील मोलकरीण म्हणून आलेली एक मुलगी मुदत संपल्यावर पुरुषी पोशाख घालून, हातात कुऱ्हाड घेऊन रानात उतरली होती आणि तीस घरं तिनं एकटीनं उभी केली होती. गोष्टीत भर पडली असेलही. पण नुसत्या यादीवरून वंशावळ लिहिणारा तीस मलहॉलिन पुरुष मोजून मोकळा झाला असता.

या भागाची छापील खाण म्हणजे न्यायाधीश लायमन चॉकली यांनी ऑगस्टाच्या कोर्टदफ्तरातून काढलेले सारांश, 1912 मध्ये तीन खंडांत छापलेले. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण सारांशात ओळी गळतात, आडनावं चुकीची वाचली जातात, आणि सुरुवातीला सांगितलेली फुली तर हमखास जाते. चॉकलीत सापडलं की मूळ कागद काढायचा, आणि शक्यतो वहीतली नक्कलही नव्हे, कोर्टाच्या सुट्या कागदांतला मूळ दस्त, कारण सही तिथे आहे.

डीएनएनं अलीकडे मोठा हात दिला. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. एकाच जॉनचे वंशज म्हणवणाऱ्या दोन पुरुषांचं ते मुळीच जुळलं नाही, तर त्यांची पुरुषवंशाची रेषा तिथे एक होत नाही. मध्ये दत्तक किंवा सावत्र मुलानं आडनाव घेतलं असण्याची शक्यता मात्र पाहावी लागते. आणि जुळलं, तरी ते घराणं सांगतं. दोन चुलतभाऊ जॉनपैकी तुमचा कोणता, हे ते एकटं सांगू शकत नाही. तिथे पुन्हा करयादी आणि खरेदीखताकडेच यावं लागतं.

दोन माणसांचा एक माणूस केला की सर्वांत जास्त बायका हरवतात, आणि मला या कामात तेच फार लागतं. मार्गारेटचा नवरा जॉन आणि अ‍ॅग्नेसचा नवरा जॉन एक झाले, की मार्गारेटला मारावं लागतं. वंशावळीत तिच्या नावापुढे 'मृत्यू सुमारे 1758' असं कोणीतरी लिहितो, पुढचे शंभर जण ते उतरवतात. प्रत्यक्षात ती पलीकडच्या शेतावर पुढची वीस वर्षं सूत कातत, जनावरं राखत जगत असते.

तिला परत आणणारा कागदही खरेदीखतच असतो. नवऱ्यानं जमीन विकली तर त्या जमिनीवरचा आपला हक्क बायको स्वखुशीनं सोडते आहे का, हे विचारणं कायद्यानं भाग होतं. कोर्टापर्यंत येणं तिला जमत नसेल, तर दोन न्यायाधीश घरी जायचे, नवऱ्याला बाहेर थांबवायचे आणि तिला एकटीला विचारायचे. मग खरेदीखताच्या खाली चार ओळी येतात: जॉनची बायको मार्गारेट, नवऱ्यापासून वेगळी तपासली, राजी आहे. तारीख 1771. खाली तिची खूण, आणि शाई जरा पसरलेली.