चित्रदालनातील मित्रमंडळ

डब्लिनच्या नगर-चित्रसंग्रहालयात १९३७ साली एक वृद्ध कवी पुन्हा एकदा आला. विल्यम बटलर येट्स त्याचे नाव, वय बहात्तर. आयरिश स्वातंत्र्याचा नजीकचा इतिहास तेथे व्यक्तिचित्रांच्या रूपाने भिंतीवर होता. इतरांना जो इतिहास वाटे, तो या कवीचा मात्र स्नेहपरिवार होता.

सर जॉन लॅव्हरी यांनी रंगविलेले आर्थर ग्रिफिथ १९२२ मध्ये, यादवी चालू असतानाच, निवर्तले होते. केव्हिन ओ'हिगिन्स या मंत्र्यांचा १९२७ मध्ये भर रस्त्यात खून झाला होता. नाटककार सिंज यांचे चित्र तर खुद्द येट्सच्या वडिलांच्या हातचे. सिंज अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेले. लेडी ग्रेगरी १९३२ मध्ये गेल्या. याच तिघांच्या परिश्रमांतून अ‍ॅबी नाट्यगृह उभे राहिले होते.

या भेटीतून 'द म्युनिसिपल गॅलरी रिव्हिजिटेड' ही कविता जन्मली. चित्रे पाहून कवी भारावतो खरा, पण लेडी ग्रेगरींच्या चित्रापुढे त्याला शंकाही येते: त्यांचा स्वाभिमान आणि त्यांची नम्रता ही दोन्ही एका कुंचल्याला कशी साधावी? चित्रकार चेहऱ्याचा एक क्षण धरतो. त्या चेहऱ्यामागची सोबत सांगावयास शब्दच हवेत. तथापि कविता चित्रांना दूर सारीत नाही. कवीची पारख करू पाहणाऱ्यास ती ग्रंथांपाशी न थांबविता त्या भिंतीपुढेच आणून उभी करते.

संग्रहालयाचे संस्थापक सर ह्यू लेन हे लेडी ग्रेगरींचे भाचे. १९१५ मध्ये 'लुसितानिया' बोटीबरोबर ते बुडाले. आपली एकोणचाळीस चित्रे त्यांनी मृत्युपत्राने लंडनला दिली होती. पुढे पुरवणी लिहून ती डब्लिनला देऊ केली. पुरवणीवर स्वाक्षरी होती, साक्षीदार मात्र नव्हते! कायद्यापुढे इच्छा लटकी पडली. या चित्रांसाठी त्यांची मावशी अखेरपर्यंत झगडली. १९३३ मध्ये संग्रहालय शार्लमाँट हाउसमध्ये आले, तेव्हा एक दालन त्या चित्रांसाठी रिकामे राखले गेले. येट्स आला तेव्हाही ते वाटच पाहत होते. दोन्ही शहरांनी चित्रे आळीपाळीने मांडावीत, असा करार अखेर १९५९ मध्ये झाला.