वऱ्हाडातील ग्रंथालयाची इमारत कशी असावी?

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने गावोगावच्या ग्रंथालयांना शासनमान्यतेचा व अनुदानाचा आधार दिला. परंतु वऱ्हाडात ग्रंथालयाची खरी कसोटी लागते ती मे महिन्यात. अकोल्याचे तपमान ४५ अंशांच्या वर जाते आणि विद्यार्थ्यांना सुटी असते ती याच दिवसांत. तापलेल्या खोलीत वाचक थांबत नाही. म्हणून अकोला व अमरावती जिल्ह्यांत नवी इमारत उभारताना उन्हाचा विचार आराखड्यातच व्हावयास हवा.

इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. वाचनकक्षाच्या खिडक्या उत्तरेस असाव्यात. तेथून येणारा उजेड सौम्य असतो व ग्रंथांचे उन्हापासून रक्षण होते. दक्षिणेकडील खिडक्यांवर रुंद छज्जे घ्यावेत. पश्चिमेस जिना व स्वच्छतागृह ठेवल्यास दुपारची झळ तेथेच अडते. छतावरील चुन्याचा पांढरा लेप उष्णता परतवितो. कूलर मात्र ग्रंथांच्या कपाटांपासून दूर असावा. दमट हवेने कागदास बुरशी लागते.

पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात भूजल खारे आहे. तेथे छत हीच विहीर होय. २०० चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडल्यास १ लाख ४० हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी लाखाहून अधिक लिटर हाती लागते.

छज्जा मागाहून बसविता येतो. इमारतीची दिशा मात्र पाया भरल्यावर बदलत नाही. म्हणून नकाशास मंजुरी देण्यापूर्वीच पंचायत सदस्यांनी त्यावर उत्तर दिशा कोठे आहे, हे आवर्जून पाहावे.