मुलांचे नित्यव्यवहार व व्यवसायोपचार

'व्यवसायोपचार' हा शब्द ऐकून वाचकांस प्रथम सुतारकाम किंवा विणकाम आठवेल. परंतु मुलाचा व्यवसाय कोणता? जेवणें, अंग धुणें, सदऱ्याच्या गुंड्या लावणें, खेळणें व लिहिणें हाच. जन्मतः अथवा आजारामुळें जें मूल या कामांत मागें पडतें, त्यास तीं शक्य तितकीं आपलीं आपण करतां यावीं, एवढ्यासाठीं हें शास्त्र आहे. जन्मानें अमेरिकन व विवाहानें महाराष्ट्रीय झालेल्या कमलाबाई निंबकर यांनीं १९५० सालीं मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत या विद्येची शाळा काढिली. भारतांतील ती पहिलीच. पुढें १९५२ सालीं व्यवसायोपचारकांची जागतिक संघटना निघाली, तेव्हां तिच्या दहा संस्थापक देशांत भारतहि होता.

आतां तारकर्लीचें एखादें घर डोळ्यांपुढें आणूं. मुलगा आठ वर्षांचा, हातांचे स्नायू ताठ. आई त्यास भरविते, न्हाऊं घालते, कपडे चढविते. तिच्या मायेस कोण दोष देईल? पण तिचे हात थकतील तेव्हां काय? शिवाय ज्यास कधीं करूंच दिलें नाहीं, त्यास करतां येत नाहीं असें म्हणणें न्यायाचें नव्हे.

उपचारक प्रथम मुलाचें बसणें पाहतो. पाय अधांतरीं लोंबत असले म्हणजे सारी शक्ति तोल सांभाळण्यांतच खर्च होते व हात मोकळे राहत नाहींत. म्हणून पाठीस भिंत व पायांखालीं आधार हवा. मग वस्तु बदलावयाच्या. ताट उंच कांठाचें घ्यावें. त्याखालीं ओलें फडकें घातलें कीं तें सरकत नाहीं. चमच्याच्या दांड्यास चिंधी किंवा सुंभ गुंडाळल्यास मूठ जाड होते. माशाचे कांटे मात्र मोठ्यांनींच काढून द्यावे. घासागणिक ठसका लागत असेल तर घरीं प्रयोग न करतां आधीं डॉक्टरांस दाखवावें. मान मागें टाकून भरविणें धोक्याचें आहे.

गुंड्यांचा धडा शेवटाकडून द्यावयाचा असतो. आईनें चार गुंड्या लावाव्या, पांचवी अर्धी काजांत घालून ठेवावी आणि मुलानें ती ओढून घ्यावी. काम पुरें केल्याचा आनंद त्याच्या वांट्यास येतो. तें साधलें कीं चौथी गुंडीहि त्याच्याकडे सोंपवावी. शाळेच्या घाईच्या वेळीं हा धडा नको, रविवार बरा.

परक्या ठिकाणचे उपाय येथें जसेच्या तसे चालत नाहींत. चाकांची खुर्ची आमच्या पुळणीवर रुतते. घरापासून न्हाणीपर्यंत जांभ्या चिऱ्यांची सपाट वाट केली तर ती उपयोगी पडेल. उलट, येथील कांहीं कामें शहरांत मिळावयाचीं नाहींत. रापण किनाऱ्यास लागली म्हणजे दोर ओढणें ज्यास झेपत नाहीं, त्यास बांगडे व तारल्या निवडून टोपल्यांत टाकतां येतात. बोटांस असा व्यायाम विकतच्या खेळण्यांनीं क्वचितच होईल.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या कायद्यानें सरकारी व मान्यताप्राप्त शाळांवर अशा मुलांच्या गरजेप्रमाणें सोय करण्याची जबाबदारी टाकिली आहे. तेव्हां पालकांनीं प्रवेशाच्या दिवशींच, मुलास काय जमतें व कोठें मदत लागते, हें शिक्षकांस संकोच न धरितां सांगावें.