घरचा पाना की कंपनीचे सर्व्हिस सेंटर?

तेरखेडा म्हटले की फटाके आठवतात. पण सोलापूर-धुळे महामार्गावरच्या या गावात अनेकांचे पोट दुचाकीवरही असते. गाडी कंपनीच्या सेंटरला न्यायची, तर दिवसाची मजुरी बुडते. मग प्रश्न पडतो, गाडी घरीच उघडावी का?

माझे म्हणणे असे, की जे डोळ्यांना दिसते आणि हाताला कळते, ते घरी करावे. टायरची हवा, एअर फिल्टरची धूळ, चेनची सफाई आणि ताण. चेन मधोमध साधारण दोन-तीन सेंटिमीटर वरखाली हलावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. ती फार ताणली तर बेअरिंग झिजते, सैल सोडली तर उतरते.

ब्रेकचे मात्र तसे नाही. डिस्क ब्रेकच्या नळीत हवा राहिली, तर लिव्हर मऊ लागतो आणि ऐनवेळी गाडी थांबत नाही. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आले. बहुतेक नव्या गाड्यांतला कार्ब्युरेटर गेला, सेन्सर आले. त्यांचा दोष पान्याने नव्हे, यंत्रानेच कळतो.

वॉरंटी असेपर्यंत ठरलेल्या सर्व्हिसिंग चुकवू नयेत, बिले जपावीत. नाहीतर मोठ्या बिघाडाचा खर्च आपल्याच अंगावर येतो.

आणि पेट्रोलच्या नळीला हात लावताना विडी-काडी दूर ठेवावी. ठिणगीची किंमत तेरखेड्याला वेगळी सांगायला नको.