एक कृमी, तीन नावं

कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली टीनिया सोलियम या पट्टकृमीचं शीर्ष पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटाच आला होता. जेमतेम मिलिमीटरभर आकार, चार वाटोळे चूषक आणि वर आकड्यांचं दुहेरी कडं. मागे दोन-तीन मीटरची फीत. ना तोंड, ना आतडं. सगळं अन्न कातडीतूनच शोषायचं. या एवढ्याशा डोक्याने शास्त्रज्ञांना दोनशे वर्षं झुलवलं.

जुन्या युरोपीय वैद्यांच्या लेखी हा एक प्राणी नव्हताच. विष्ठेतून पडणारे चपटे पांढरे तुकडे भोपळ्याच्या बियांसारखे दिसत, म्हणून तो एक कृमी. लांब फीत हा दुसरा. काहींना वाटे, बियाच एकमेकींना धरून साखळी करतात. 1683 मध्ये लंडनच्या एडवर्ड टायसनने निमुळत्या टोकाला डोकं आणि त्यावर आकडे असल्याचं दाखवलं, पण फितीच्या खंडांच्या कडेची जननछिद्रं त्याला तोंडं वाटली. चुकला खरा, तरी एवढा मोठा प्राणी खातो कुठून, हा त्याचा प्रश्न वाजवी होता. बिया म्हणजे मानेपाशी तयार होऊन मागे सरकत गेलेले, अंड्यांनी गच्च भरलेले शेवटचे खंड, हे उमगायला बराच काळ गेला.

तिसरं नाव सगळ्यात चिवट निघालं. डुकराच्या मांसात वाटाण्याएवढ्या पाणीदार पिशव्या सापडत. 1782 मध्ये ग्योत्झे या जर्मन पाद्र्याला पिशवीतल्या कृमीचं डोकं अगदी पट्टकृमीसारखं दिसलं. तरी पुढे रुडोल्फी या निसर्गशास्त्रज्ञाने वर्गीकरण केलं तेव्हा पिशव्यांना स्वतंत्र गण बहाल केला! डोकं जुळत असताना घरं वेगळी कशी, हे मला आजही कळत नाही.

हा घोळ क्यूखेनमायस्टर या जर्मन डॉक्टरने मिटवला. आधी त्याने पिशव्या कुत्र्यांना खाऊ घालून पट्टकृमी मिळवले. मग फाशीच्या कैद्याला, त्याच्या नकळत, जेवणातून डुकरातल्या पिशव्या दिल्या आणि मृत्यूनंतर आतड्यात कोवळे कृमी शोधले. 1855 मध्ये त्याने हे छापलं. निष्कर्ष बरोबर होता, रीत किळसवाणी. टीका तेव्हाही झाली. पिशवी हीच पट्टकृमीची अळी, हे मात्र ठरलं. म्हणूनच मांसाला हात न लावणाऱ्यालाही हा कृमी फिट आणू शकतो: न धुतलेल्या भाजीबरोबर अंडी पोटात जातात आणि अळ्या मेंदूत पिशव्या करतात.

पुढचं वर्गीकरण बरंचसं डोक्यावरच चाललं. आकडे नाहीत म्हणून गाईगुरांतला टीनिया सॅजिनाटा वेगळा. 1968 मध्ये संशोधक शिंदे यांनी मराठवाड्यातल्या माशांत सापडलेल्या प्रजातीला सर्कमऑन्कोबॉथ्रियम नाव दिलं, तेही डोक्याभोवतीच्या आकड्यांवरून.

आता डीएनए डोक्यालाही जुमानत नाही. शीर्षावर दोन खाचा असणाऱ्यांचा जुना गण, स्युडोफायलिडिया, 2008 मध्ये मोडून त्याचे दोन झाले. 2017 मध्ये माशातून माणसात येणाऱ्या रुंद पट्टकृमीचं नावही बदललं. आमच्या प्रयोगशाळेतल्या बरणीवर मात्र पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर अजून जुनंच नाव आहे: डायफायलोबॉथ्रियम लॅटम.